वन्संचं वाक्य

माझ्या नणंदेची, म्हणजे वन्संची, जीभ जन्मापासून जड. त्यांच्या एका वाक्याला तुमच्या चार वाक्यांचा वेळ लागतो, आणि लोकांना तेवढा दम नसतो.

सासूबाई गेल्या तेव्हा वन्संची झोप उडाली, अन्न गोड लागेना. त्या समुपदेशकाकडे गेल्या. त्या गृहस्थांनी आईबद्दल चकार शब्द काढला नाही. "नीट बोलता येत नाही याचं मनाला लागतं ना?" हेच पालुपद. घरी येऊन वन्सं म्हणाल्या, "ह्यांना... जिथे घडवतात... तिथेच जाते."

आणि गेल्या की! समुपदेशन शिकवणाऱ्या कॉलेजात त्यांना काम मिळालं. विद्यार्थ्यांच्या सरावासाठी समोर बसून पेशंट व्हायचं. काय बोलायचं ते कागदावर छापलेलं असे: 'मला माझ्या बोलण्याची लाज वाटते.' लाज? वजनात मारलं म्हणून दुकानदाराला भर रस्त्यात फैलावर घेणारी बाई ती! त्या कागद बाजूला सारून स्वतःच्या मनातलं बोलू लागल्या. शेवटी प्रमुख सरांनी तंबी दिली, "परीक्षेत कागद सोडलात, तर पुन्हा येऊ नका."

काम त्यांना हवंच होतं. पण खोटं रडायचं नव्हतं.

परीक्षेला मी वन्संच्या सोबतीला म्हणून मागच्या बाकावर होते. वन्संसमोर एक चष्मेवाली मुलगी, शेजारी सर.

"मला... माझ्या आईशी..." वन्संनी सुरुवात केली.

"बोलावंसं वाटतं?" मुलीनं विचारलं.

"नाही. माझ्या... आईशी..."

"मनातलं बोलायचं राहून गेलं, वाचेमुळे," सरांनी परस्पर उरकून टाकलं. माझं डोकंच फिरलं. तोंडचा घास काढून घ्यावा तसं हे लोक तोंडचं वाक्य काढून घेतात!

वन्संनी सरांकडे बघून ठाम नकारार्थी मान हलवली. या वेळी मुलीनं पेन खाली ठेवलं आणि ती थांबली.

"...भांडायचंय," वन्सं म्हणाल्या.

"कशावरून?"

वन्संचे डोळे भरून आले. सासूबाई कमरेवर हात ठेवून लेकीचं भांडण शेवटच्या शब्दापर्यंत ऐकून घ्यायच्या, मगच तोंड उघडायच्या. त्यांच्या माघारी घरात तसं ऐकणारं कोणी उरलं नव्हतं.

"मिठावरून... पंख्यावरून... आणि..."

सरांनी घड्याळ बघितलं. "वेळ संपली. आणि बाई, तुमचं इथलं कामही."

"संपू दे," वन्सं खुर्चीतून हलल्या नाहीत. "माझं... वाक्य... बाकी आहे."

मुलगीही उठली नाही.