खडीवरचं गाणं

दुष्काळात औशाच्या रस्त्यावर आम्ही दोघी जावा खडी फोडायचो. तिथंच मी एक गाणं रचलं, हातोड्याच्या ठोक्यावर बसणारं. एकेक कडवं मनात घोळवत चार दिवसांत पुरं केलं. शेवटच्या कडव्यात रचणारानं आपलं नाव घालायची रीत. पण मी पडले सून! सासरच्यांनी काय म्हटलं असतं? मी महादेवाचं नाव घातलं अन् मोकळी झाले.

माझा गळा म्हणजे फुटका डबा. म्हणून गाणं धाकट्या जावेला शिकवलं. तिचा आवाज असा गोड, की मुकादमसुद्धा हजेरी थांबवून ऐकायचा. हा हा म्हणता गाणं पाच गावांत गेलं, अन् जो तो म्हणायला लागला, "धाकटीचं गाणं." खोटं कशाला बोलू, माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. रचायचं मी अन् मिरवायचं हिनं! एकदा तिचा घसा बसला, तर मला मनातून लई बरं वाटलं.

पुढं लातूर जिल्हा झाला. त्या आनंदात कार्यक्रम ठेवलेला, त्यात धाकटीला गायला बोलावणं आलं. मागं टाळ वाजवायला मी. लोकांनी तिला गाणं दोनदा म्हणायला लावलं. खाली उतरलो तर रेडिओवाला टेप चालू ठेवूनच उभा. धाकटीला म्हणाला, "बाई, हे गाणं कुणी रचलं? नाव सांगावं लागतं."

धाकटीनं तोंड उघडलं. ही आता स्वतःचंच नाव सांगणार, असं वाटून माझं डोकं फिरलं. मी मधेच बोलले, "कुणाचंच न्हाई साहेब. जुनंच हाय. आमच्या आज्ज्या म्हणायच्या." मला नाही तर तिलाही नको! त्यानं वहीत 'पारंपरिक' लिहून घेतलं.

परतताना एसटीत, औसा आलं तेव्हा ती म्हणाली, "आवं अक्का, असं का सांगितलं तुम्ही? मी तुमचंच नाव घेत होते की."

मला तोंड वर करवेना.

आजही रेडिओवर ते गाणं लागतं, 'पारंपरिक' म्हणून. धाकटी जाऊन बरीच वर्षं झाली. परवा नात म्हणाली, "आजी, गाण्यावर आपला हक्क सांगता येतो. कुणाचं गाणं, याचा पुरावा पाहिजे फक्त."

पुरावा आहे की. त्या टेपवर आहे, माझ्याच आवाजात.