सगळ्यांत शेवटी बोलणारे बापू

बापू इंगवले वाइनची बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून गच्चीवरच्या टेबलावर ठेवत, सगळ्यांच्या ग्लासांत सारखी ओतत आणि मग स्वतः गप्प बसत. एरवी ते गप्प बसणाऱ्यांतले नव्हते. फुटबॉलवरून त्यांचं सगळ्या शिवाजी पेठेशी वाजायचं. पण महिन्यातल्या त्या एका रविवारी नियम होता: मंडळात जो सगळ्यांत शेवटी सामील झाला त्यानं वाइनच्या चवीवर आधी बोलायचं, बापूंनी शेवटी.

"म्होरक्या आदी बोलला की बाकीच्यांची जीब झोपती," असं ते म्हणत.

ते साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत केमिस्ट होते. निवृत्तीनंतर पुण्याच्या एका मासिकात वाइनवर सदर लिहीत. मंडळ म्हणजे आम्ही चौघंच: बापू, दातांच्या डॉक्टर सरनाईकबाई, गुळाचे व्यापारी मगदूम आणि कॉलेजात भूगोल शिकवणारा मी. त्या दिवशी बाईंना गजऱ्याची बंदी, मगदुमांना अत्तराची. बैठक जेवणाआधीच उरकायची, कारण तांबडा रस्सा पोटात गेला की बापूंच्या मते "फ्रान्स काय आन् नाशिक काय, समदं सारखंच." काकू, म्हणजे बापूंच्या पत्नी, फुटाणे आणून ठेवत आणि नाकाला पदर लावून खाली जात. त्या ग्लासांचा वासही त्यांनी कधी घेतला नव्हता.

साथीच्या काळात बापू तापानं आजारी पडले, दवाखान्यात राहून बरे होऊन आले. बैठका पुन्हा सुरू झाल्या तेव्हा ते मऊ झाल्यासारखे वाटले. पूर्वी माझं मत ते सरळ उडवून लावत, "पावणं, सर्दी झालिया का?" असं वर विचारत. आता ते तिघांचंही थोडं थोडं घेत आणि त्याला आपल्या शब्दांची फोडणी देत. मगदूम म्हणाले, वयानं माणूस पिकतो. आम्हाला ते पटलं. आपलंच मत आपल्याला परत ऐकवलं की कुणाला पटत नाही?

मग बापूंच्या मुलीनं फ्रान्सहून एक बाटली आणली. बोर्दोतल्या पिढ्यान्‌पिढ्या नाव राखून असलेल्या एका मळ्याची रेड वाइन. मासिकानं तिच्यासाठी पानभर जागा ठेवली होती. मी परदेशी समीक्षकांचं वाचून आलो होतो, पण त्यांचंही एकमेकांत जुळत नव्हतं. एकाला ती रेशमी वाटली होती, दुसऱ्याला ताठ आणि रुक्ष.

मला तिच्यात जांभूळ लागलं आणि तासलेल्या पेन्सिलीचा वास आला. बाईंना नव्या कोल्हापुरी चपलेतलं चामडं सापडलं, आणि गोडवा नावालाही नाही असं त्यांनी सांगून टाकलं. मगदुमांना करपत आलेली काकवी आठवली, म्हणजे गोडच. बाईंच्या हिरड्या तुरटपणानं आवळल्या, मगदुमांना ती लोण्यासारखी घशाखाली गेली. दोघंही हटेनात. शेवटी आम्ही सगळे बापूंकडे वळलो.

बापूंनी ग्लास नाकाशी नेला, बराच वेळ तसाच धरला आणि खाली ठेवला.

"मला वास येत न्हाय," ते म्हणाले. "तापापासनं. तुमचंच ऐकून तुमास्नी परत सांगत हुतो."

मला त्यांचा राग आला आणि पाठोपाठ फार वाईट वाटलं. आमची मतं मोकळी राहावीत म्हणून केलेल्या नियमाचा ते इतके दिवस आडोसा घेत होते. नाकावर त्यांचं सगळं नाव उभं होतं, आणि पानभर लेख तर द्यायचा होता. बाईंनी हळूच सुचवलं की आमच्या तिघांचं जुळवून लिहा, कोण विचारतंय. बापूंनी नकारार्थी मान हलवली.

"त्येच करत आलोय की. आता बास."

काकू फुटाण्यांची ताटली न्यायला आल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी पदर बाजूला केला, बापूंचा ग्लास उचलला आणि वास घेतला.

"तुमच्या कारखान्यातल्या कोटाला यायचा न्हवं, त्योच वास हाय," त्या म्हणाल्या. "धुतला तरी जायचा न्हाय."

बापू त्यांच्याकडे वळले. मग त्यांनी विचारलं, "लई वंगाळ हुता?"

"सवय झालती," काकू म्हणाल्या आणि ताटली घेऊन खाली गेल्या.

मासिकातला तो बापूंचा शेवटचा लेख. पुढे सदर दुसऱ्या कुणाकडे गेलं, आणि काही काळानं बापूही गेले. त्या लेखात त्यांनी आमची तिन्ही मतं नावानिशी दिली होती, एकाचंही टोक घासलं नव्हतं. खाली स्वतःच्या नावापुढे लिहिलं होतं: मला आता वास येत नाही. माझ्या पत्नीच्या मते ही वाइन माझ्या कामावरच्या कोटासारखी आहे. तिचं मत तेच माझं मत समजावं.