भरल्या ताटावरून उठले

मंडळी, घाईत लिहितेय, टायपिंगच्या चुका सांभाळून घ्या.

आज संध्याकाळी वर्तकनगरला ताईकडे जेवायला गेलेले. भावजींचे ऑफिसातले साहेबही आलेले. पानं वाढून झाली तशी ताई हसून म्हणाली, "सर, प्लीज ईट डिनर."

भावजींनी सगळ्यांसमोर तिच्या थोबाडीत मारली. "ईट नाही, हॅव! किती वेळा शिकवायचं तुला?"

तिच्या हातातली आमटीची वाटी फरशीवर फुटली. साहेब मान खाली घालून जेवत राहिले.

मी उठले. तर भावजी माझ्यावरच खेकसले, "भरल्या ताटावरून उठतेस? काही रीत आहे की नाही?"

बायकोला मारताना नाही आठवली रीत! माझं डोकंच फिरलं. तेच ताट उचलून त्यांच्या मांडीवर उपडं केलं आणि ताईला रिक्षात घालून कल्याणला आणलं.

आईने दार उघडलं, ताईच्या गालावर उठलेली बोटं पाहिली आणि एवढंच विचारलं, "जेवलीस का गं?"

आत्ता कुठे ताई रडतेय.

खरं सांगा, त्या साहेबांच्या जागी तुम्ही असतात, तर पुढचा घास उतरला असता घशाखाली?