एक दोष लिहायची रीत

एका प्रश्नापायी तीनदा एम.ए. झालेला दुसरा माणूस बडोद्यात नसावा. आणि असलाच, तर त्याची नि माझ्या मैत्रिणीच्या मामांची गाठ पडू नये, कारण मग दोघांपैकी कुणीच जेवायला घरी पोहोचणार नाही. मामा शहरातल्या हरणी भागात मैत्रिणीच्या आईच्या शेजारच्या घरात एकटे राहत आणि आमच्या कॉलेजात अर्धवेळ शिकवत. त्यांचा प्रश्न तसा साधा होता. सरकारकडे एकाच विहिरीचे पैसे आहेत आणि गावं दोन आहेत, तर विहीर कुठे खणायची? तरुणपणी हा प्रश्न घेऊन ते तत्त्वज्ञानाच्या विभागात गेले. तिथे दोन वर्षं न्याय म्हणजे काय ते शिकवून झाल्यावर प्राध्यापक म्हणाले, प्रत्यक्षात विहीर कुठे खणली जाते हे मात्र राज्यशास्त्रवाल्यांना विचारा. राज्यशास्त्रवाल्यांनी सत्ता समजावून सांगितली आणि पैसे एकाच विहिरीचे का, यासाठी अर्थशास्त्राकडे पाठवलं. अर्थशास्त्रवाले म्हणाले, खर्च आम्ही काढून देऊ, पण कुठल्या गावाची तहान मोठी मानायची हे तत्त्वज्ञानवाल्यांचं काम. मामा सांगत, "त्या दिवशी मला कळलं की मी शिकलो नाही, फक्त जिने चढलो-उतरलो."

ते दिवस असे होते की रोज बाजारात काहीतरी नवीन येत होतं आणि लोक ते घेऊन मोकळे होत होते. मामा मोकळे होत नसत. सोसायटीत एका शेजाऱ्यांनी पहिली मोटार घेतली. सगळे पेढे खाऊन परतले, मामांनी मात्र विचारलं, तुमची जुनी स्कूटर कुठे गेली? ती गेली होती वासण्याच्या एका दूधवाल्याकडे. मामा वासण्याला गेले. दूधवाल्याची सायकल त्याच्या भाच्याकडे गेली होती, मामा भाच्याकडे गेले. भाचा आधी पायी कामाला जायचा. आता सायकल आहे म्हटल्यावर त्याच्या शेठनं त्याला दुप्पट लांबचं काम दिलं होतं. मामांनी हे सगळं वहीत उतरवलं आणि आठवडाभर आमच्या वर्गात विकास या विषयावर फक्त ती स्कूटर शिकवली. परीक्षेत स्कूटर आली नाही. भाजीवाल्या मासीबा तर त्यांना लांबून पाहूनच म्हणायच्या, "मामा, भाव पूछो, कारण ना पूछो." टोमॅटो कालच्यापेक्षा महाग का, याचं उत्तर मिळेपर्यंत ते पिशवी उघडत नसत आणि मागे रांग लागे.

मी कोयलीची. वडील तिथल्या कारखान्यात फिटर. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, त्यामुळे कॉलेज म्हणजे नेमकं काय करायचं असतं हे मला शेवटपर्यंत नीट कळलं नव्हतं. मामांच्या तासाला मी पहिल्या बाकावर बसे आणि ते बोलत असताना मान हलवत असे. मला वाटायचं, चांगली विद्यार्थिनी असंच करते.

शेवटच्या वर्षी मैत्रिणीनं सायबर कॅफेतून एका परदेशी विद्यापीठाची माहिती छापून आणली. तत्त्वज्ञान, राजकारण, अर्थशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय विकास, चारही मिळून एकच पदव्युत्तर अभ्यासक्रम. आम्ही ती पानं मामांना दाखवली. त्यांनी ती उभ्यानं वाचली, मग बसून वाचली, मग चष्मा पुसून पुन्हा वाचली. "अखेर बोलणं झालं वाटतं त्यांचं आपापसांत," एवढंच म्हणाले, आणि मला म्हणाले, "अर्ज कर."

मी अर्ज केला. खरं सांगायचं तर मला इतकं काहीच कधी हवंसं वाटलं नव्हतं. शिष्यवृत्ती मिळाली तरच जाणं शक्य होतं आणि तिच्यासाठी दोन शिफारसपत्रं लागत होती. एक कॉलेजातल्या बाईंनी दिलं, त्यात मी बुद्धिमान, मेहनती, सुशील सगळं होते. दुसरं मामांचं. तेव्हा मैत्रिणीनं मला त्यांच्या घरची रीत सांगितली. मामांचे पणजोबा संस्थानच्या कारभारात होते. दोष नसलेली शिफारस म्हणजे लाच खाऊन लिहिलेली शिफारस, असं त्यांचं मत होतं. म्हणून गुण कितीही लिहा, पण एक दोष लिहायचाच, आणि पत्र पाठवण्याआधी तो त्या माणसाला तोंडावर वाचून दाखवायचा. संस्थान गेलं, रीत राहिली.

मामांनी मला मैत्रिणीच्या घरी बोलावून पत्र वाचलं. गुण त्यांनी इतके लिहिले होते की मला खाली बघावं लागलं. शेवटी दोष आला. ही मुलगी जे समजलेलं नसतं तिथेही मान हलवते.

मैत्रिणीची आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. "दादा, पोरीचं वाटोळं करशील. काढ ते वाक्य."

"खोटं आहे का?" मामांनी मला विचारलं.

मान हलवायची सवय इतकी होती की ती तेव्हाही हलणार होती. पण मला रडू येत होतं आणि रडू आवरताना मान हलवता येत नाही. मी म्हटलं, "खोटं नाही, मामा. पण समजलं नाही असं म्हटलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं की हिला घरी सांगणारं कुणी नाही. मान हलवली की निदान पहिल्या बाकावर बसता येतं. मग हा दोष माझा, की वर्गाचा?"

 मामा टेबलाशी बसले. आम्हाला वाटलं, वाक्य खोडतील. त्यांनी ते खोडलं नाही. खाली शाईनं स्वतःच्या हातानं दोन ओळी वाढवल्या: हा दोष मी तिला वाचून दाखवला तेव्हा दोष तिचा की वर्गाचा, असं तिनं मला विचारलं. मला अजून उत्तर सापडलेलं नाही.

पत्र गेलं. दोन महिने मी पोस्टमनच्या वेळेला घरातून हलले नाही. मग उत्तर आलं. प्रवेशही मिळाला, शिष्यवृत्तीही. त्या पत्रामुळे मिळाली की त्या पत्राला न जुमानता, हे मला आजही माहीत नाही. वडील पेढे घेऊन मामांकडे आले आणि अवघडून दारातच उभे राहिले. मामांनी लगेच सांगून टाकलं, "मी दोष लिहिला होता हं, तुम्हाला ठाऊक असावं." वडील म्हणाले, "आमच्याकडे पाइप तपासतात साहेब, तेव्हा गळती कुठे ते लिहितात. नुसतं बरोबर आहे लिहिलं तर आम्ही तो पाइप परत तपासतो." मामांनी पेढा हातात तसाच धरून त्यांना आत बसवलं आणि पाइपांबद्दल इतके प्रश्न विचारले की वडिलांची दुसरी पाळी चुकायची वेळ आली.

निघायच्या आदल्या दिवशी मी त्यांचा निरोप घ्यायला गेले. धीर करून विचारलं, "मामा, तुम्ही का नाही गेलात असं कुठे शिकायला?"

ते हसले. "जायचं होतं गं. पत्रं लागत होती. आमच्या घरात पत्र लिहायची रीत होती, मागायची नव्हती." मग विषय बदलावा तसं म्हणाले, "तिथलं ग्रंथालय किती वाजता बंद होतं?"

मला माहीत नव्हतं आणि या वेळी मी तसं सांगितलं. म्हणाले, कळव.

पोहोचल्यावर पहिल्याच पत्रात मी कळवलं की ग्रंथालय बंदच होत नाही. मला वाटलं, त्यांना आनंद होईल. महिन्याभरानं उत्तर आलं. त्यात खुशाली नव्हती, आशीर्वाद नव्हते, बारीक अक्षरात एकच ओळ होती: मग तिथली माणसं घरी केव्हा जातात?

मी त्यांच्या पुष्कळ प्रश्नांची उत्तरं पुढे लिहिली. याचं अजून लिहायचं आहे.