रक्तगटवाले नाना

माणसाचं नाव कळायच्या आधी नानांना त्याचा रक्तगट कळलेला असायचा. खोपोलीच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी हा उद्योग मागे लावून घेतला. लग्नात अहेर करतानाही नवरदेवाच्या कानाशी लागून विचारणार, "तुजा गट कंचा रं?" माझा ओ पॉझिटिव्ह. "तुज्यासारके ढिगानं हायेत," म्हणत त्यांनी मला चहावर बोळवलं होतं.

कर्जतपासून मोहोपाड्यापर्यंतचे रक्तदाते त्यांच्या एका वहीत होते. कुणाला रक्त लागलं की नाना वही काखेत मारून निघत. त्यांची ती धावपळ बघवेना, म्हणून मी यादी इंटरनेटवर चढवली. आता नर्स असो की रिक्षावाला, कुणीही मोबाइलवर ती उघडावी, नवा माणूस जोडावा. बघता बघता यादी नानांच्या ओळखीपलीकडे गेली. नाना हरखून गेले. "आता मी मेलो तरी काय आडत नाय," म्हणाले आणि वही रद्दीत घातली.

सगळ्यांना उघडी असलेली यादी कुणीही बिघडवू शकतो. ती मीच बिघडवली. एका रविवारी शेलूच्या घरी बसून, नीटनेटकेपणाच्या हौसेपायी, मी नावं अकारविल्हे लावली. नावांचा रकाना तेवढा हलला. गट आणि नंबर होते तिथेच राहिले. नंबरापुढे भलत्याच माणसाचं नाव आलं, आणि मी परत बघितलंसुद्धा नाही.

मंगळवारी डोंगरातल्या वाडीवरची एक बाळंतीण खोपोलीला आणली. तिला ओ निगेटिव्ह हवं होतं. नानांनी यादीतल्या पाचही जणांना फोन लावले. नाव घेऊन विचारलं, "पाटील का?" की पलीकडून "राँग नंबर." नाना माफी मागून फोन ठेवत. नावं चुकली होती, नंबर बरोबर होते; फोन उचलणाऱ्या त्याच पाच जणांचं रक्त चालणार होतं. "मला वाटलं, माजंच बोट चुकतंय," ते नंतर म्हणाले. त्यांनी सगळे नंबर पुन्हा एकदा लावले होते. संध्याकाळी ती बाई गेली.

नाना जाऊनही आता वर्ष होईल. पण ती बाई गेल्याच्या दुसऱ्या दिवशीची त्यांची ओटी माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. राँग नंबरांचं त्यांच्याकडून ऐकून मी यादी उघडली, चूक दिसली, आणि मी सगळं कबूल केलं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर मला सोसलं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, "आता यादी कामातून गेली का रं?"

"नाही नाना. जुनी परत आणता येते," म्हणत मी दोन बटणं दाबली. नावं आपापल्या जागी येऊन बसली.

नाना माझ्या मोबाइलकडे बघतच राहिले.

"एवढं सोपं व्हतं?"