बटणांच्या डब्यातल्या गोळ्या

माझा भाऊ कपडे शिवतो. शिवायचा, असं म्हणायला हवं, पण जीभ अजून वळत नाही. गल्लीत त्याला सगळे मास्तर म्हणतात, मी दादा म्हणते. दुकान लहान आहे. दोन मशिनं, कापायचं टेबल, आरसा आणि मागे माझं स्टूल. काज, बटणं आणि तुरपाई माझ्याकडे. बाकी सगळं त्याच्याकडे, म्हणजे अक्कलही त्याचीच आणि आरडाओरडाही त्याचाच.

वडील गेले तेव्हा तो तेरा वर्षांचा होता आणि मी पाच. एका म्हाताऱ्या कारागिराने त्याला हाताखाली घेतलं. दोन वर्षं नुसतं उसवायला लावलं, तिसऱ्या वर्षी सुई दिली. बोटावर घालायची धातूची टोपी मात्र दादाने कधी घातली नाही. "टोपी घातली की बोटाला कापड कळत नाही," म्हणायचा. सुई टोचली तर थेंब वर येण्याआधी बोट तोंडात. चाळीस वर्षांत गिऱ्हाइकाच्या कापडावर रक्ताचा एक डाग पडला नाही, याचा त्याला गर्व होता. गर्व तसे बरेच होते, पण बाकीचे उगीचच होते.

मागच्या वर्षी दुकानाचं शटर त्याच्या डोक्यात बसलं. टेंगूळ आलं, उलटी झाली, म्हणून वहिनीने त्याला ओढत दवाखान्यात नेलं. डोक्याचा फोटो काढला. शटरने काहीच बिघडवलं नव्हतं, पण मेंदूच्या एका रक्तवाहिनीला फुगा आलेला दिसला. सायकलच्या जुन्या ट्यूबला येतो तसा, डॉक्टर म्हणाले. फुटला तर माणूस वाचेलच असं नाही. आज फुटेल, वीस वर्षांनी फुटेल किंवा फुटणारही नाही.

वहिनी रडली. मला काही वाटलं नाही. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते आणि ते दहा मिनिटं मागे आहे, एवढंच डोक्यात येत होतं.

कवटी उघडायची नाही, हे ऐकून दादाला जरा धीर आला. मनगटातल्या नसेतून एक बारीक नळी वर मेंदूपर्यंत न्यायची आणि फुग्याच्या तोंडावरून, रक्तवाहिनीच्या आतून, तारांची एक नळीसारखी जाळी बसवायची. रक्त सरळ पुढे जायला लागतं आणि फुगा काही महिन्यांत आपोआप बंद होतो.

"टाका कुठे मारता?" दादाने विचारलं.

"टाका नाही हो मास्तर. जाळी आत उघडते आणि भिंतीला चिकटून बसते."

"म्हणजे अस्तर लावणार म्हणा की."

डॉक्टर हसले. मग हसू आवरून म्हणाले, "एक लक्षात ठेवा. जाळी शरीराला परकी असते. तिच्यावर आतून पातळ थर येईपर्यंत रक्त तिथे गोठू शकतं. म्हणून रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या, एक पांढरी आणि एक गुलाबी. एक दिवसही चुकवायच्या नाहीत."

काम दोन तासांत झालं. तिसऱ्या दिवशी दादा घरी आला. मनगटाला एक टिकलीएवढी खूण, बस्स. गल्लीतल्या लोकांचा विश्वासच बसेना. शेजारच्या इस्त्रीवाल्याने तर त्याच्या डोक्याला सगळीकडून हात लावून पाहिला.

मग पांढरे कोट आले. एका वाद्यवृंदाचे बारा कोट, आतलं अस्तर हाताने शिवायचं. अस्तर दादा कोणाच्या हातात देत नसे, माझ्याही नाही. पण आता सुई टोचली की रक्त थांबायचंच नाही. तोंडात बोट घालून बसला तरी पाच मिनिटांनी पुन्हा थेंब हजर. पहिल्या कोटावर डाग पडला. ज्याचं रक्त त्याच्याच थुंकीने डाग निघतो असं आमच्या धंद्यात मानतात. त्याने थुंकी लावली, मी थंड पाण्याने धुतलं. दुसऱ्यावर पडला. मी बोटाची टोपी आणून दिली, ती त्याने दहा मिनिटं घातली आणि खणात फेकली.

तिसऱ्या कोटाला मी चिडले. "दादा, पांढऱ्या कापडाचं काम आहे हे. मी दिवसभर तुझे डाग काढत बसू का? लोक काय म्हणतील, मास्तर म्हातारा झाला?"

त्याने खाली बघून सुईत नवा दोरा ओवला. मला तेव्हाच कळायला हवं होतं, कारण माझा भाऊ ऐकून घेणाऱ्यातला नाही.

त्यानंतरचे कोट स्वच्छ आले. चौथा, पाचवा, सहावा. मी म्हटलं, लागला हात पुन्हा जुन्या वळणाला. गोळ्या तो दुकानात, दहाच्या चहाबरोबर घ्यायचा आणि वहिनी रोज रात्री त्याच्या खिशातलं पाकीट तपासायची. पाकिटात बरोबर जागा रिकाम्या असायच्या.

एका दुपारी कोटांना लावायला बटणं हवी होती. डबा उघडला. पांढऱ्या बटणांमध्ये गुलाबी काहीतरी दिसलं. मी बोटाने बाजूला केलं आणि मोजलं. पाच गुलाबी, पाच पांढऱ्या.

समोर दादा आठव्या कोटाचं अस्तर लावत होता. मान खाली, सुई भराभर. चार कोट राहिले होते. मी बटणं घेतली आणि झाकण लावलं.

का गप्प बसले, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. सांगितलं तर भांडण होईल, तो सगळं टाकून उठेल, असं वाटलं होतं. चार कोट होऊ देत, मग वहिनीला सांगू. आणि खरं सांगायचं तर कोट स्वच्छ होते म्हणून मी खूश होते. एवढंच आहे ते. यापेक्षा मोठं कारण सापडलं असतं तर बरं झालं असतं.

तीन दिवसांनी सकाळी अकराच्या सुमाराला दादाच्या हातातून कात्री पडली. तो तिच्याकडे बघत राहिला.

"उचल की," मी म्हणाले.

त्याने माझ्याकडे बघून काहीतरी म्हटलं. आवाज होता, शब्द नव्हते. तोंड एका बाजूला उतरलं होतं. इस्त्रीवाल्याने आपल्या गाडीत घातलं आणि आम्ही दवाखाना गाठला. वहिनी तिच्या शाळेच्या ऑफिसातून परस्पर आली.

डॉक्टरांनी पहिलं हेच विचारलं, "गोळ्या चालू आहेत ना?"

"रोज," वहिनी म्हणाली. तिने दादाच्या काढून ठेवलेल्या शर्टाच्या खिशातून पाकीट काढलं. "हे बघा. मी स्वतः बघते. एकही चुकलेली नाही."

डॉक्टरांनी पाकीट पाहिलं. "मग दुसरंच काही कारण..." ते बाजूच्या डॉक्टरांना सांगायला लागले.

"आठ दिवस घेतल्या नाहीत," मी म्हणाले.

"कशावरून म्हणता?"

"पाच जोड्या मी मोजल्या. त्याला तीन दिवस झाले."

डॉक्टर जवळजवळ पळतच आत गेले. वहिनी पाकीट हातात धरून तशीच उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि तिचा हिशेब चाललेला मला दिसला. पाच. आणि तीन. ती ओरडली असती, तिने माझ्या कानाखाली वाजवली असती तर मला सोसलं असतं. ती जाऊन लांबच्या बाकावर बसली. त्या दिवसापासून तिने मला वन्सं म्हणून हाक मारलेली नाही.

त्याच मनगटातून पुन्हा नळी घालून त्यांनी गुठळी काढली. वाचा परत आली, थोडी अडखळत. चालणं आलं. उजव्या हाताचा अंगठा आणि त्याशेजारची दोन बोटं आली नाहीत. ती हलतात, पण त्यांना काही कळत नाही. दादाने कोणालाही सांगितलं नाही की मी डाग काढताना काय बोलले होते. "माझंच डोकं फिरलं होतं," एवढंच म्हणतो.

सहा महिन्यांनी फोटो काढला. फुगा नाहीसा झाला होता. डॉक्टर मनापासून खूश झाले. "उपचार शंभर टक्के यशस्वी," म्हणाले. "गुलाबी गोळी आता बंद. पांढरी मात्र आयुष्यभर."

दादा रोज दुकानात येतो, टेबलाशी बसून मापं सांगतो आणि मी कापते. दहा वाजता वहिनी शाळेतून चालत येते. गोळी स्वतःच्या हाताने त्याच्या जिभेवर ठेवते, पाणी देते. तो गिळतो, लहान मुलासारखं तोंड उघडून दाखवतो. ती तिकडे बघतही नाही. ती माझ्याकडे वळते.

"घेतली?" ती मला विचारते.

"घेतली," मी सांगते.

मग ती जाते. उद्या दहाला पुन्हा येईल.