डेअरीच्या मशीनवरचा नारळ

गावच्या डेअरीतलं फॅट मोजायचं मशीन बंद पडलं, तेव्हा मला बोलावलं ते नाइलाजानं. कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला होता, बोर्ड गेला, नवा यायला आठ दिवस लागतील. आठ दिवस सगळ्यांचं दूध अंदाजाने, एकाच फॅटवर घ्यायचं म्हणजे गावात मारामाऱ्या. मग कुणीतरी म्हणालं, चेअरमनच्या सुनेला विचारा, तिचं आयटीआय झालंय.

सून म्हणजे मी. कर्जत तालुक्यातल्या या गावात, स्टँडजवळ मी दुरुस्तीचं दुकान टाकलं त्याला वर्ष झालं होतं. मिक्सर, इस्त्र्या माझ्याकडे यायच्या. बोर्ड म्हटलं की लोक नगरची एसटी धरायचे. आणि मी शिकले होते ते बोर्डच. आज सगळ्या गावादेखत हे मशीन चालू झालं नाही, तर उरलेला जन्म मिक्सरची पाती बदलण्यात जाणार, हे मला पक्कं ठाऊक होतं.

डेअरीचे चेअरमन माझे चुलत सासरे. त्यांच्यापुढे मी कधी बसत नसे. त्या दिवशी पदर खोचला आणि त्यांच्याच खुर्चीत बसले. बोर्ड उभ्याने तपासता येत नाही. मामा दोनदा खाकरले.

झाकण काढलं. अ‍ॅडॉप्टरमधून बारा व्होल्ट बरोबर येत होते. फ्यूज शाबूत. मीटरची टोकं एकेक पाऊल पुढे नेत गेले. फ्यूजच्या पुढे बारा, आणि बोटभर अंतरावरच्या, बाराचे पाच करणाऱ्या रेग्युलेटरपाशी शून्य. मधे लालपिवळा थर बसला होता. नखाने खरवडला तर कुंकू. खाली हळद, आणि तिच्याखाली हिरवंगार, खाल्लेलं तांबं.

"मामा, दसऱ्याला मशीनची पूजा कुनी केली?"

"म्याच. दरसाल करतो. का?"

"नारळ कुठं फोडला?"

"हितंच. पानी शिपडलं की मशीनवर. द्येवाचं पानी हाय ते."

"ते जाळीतून बोर्डावर गेलं. त्यात खार असतो, चालू मशीनवर पडलं की तांब्याची रेघ खाऊन टाकतं. तुमच्या नारळानं मेलंय हे."

दाराशी कॅन घेऊन उभं असलेलं कुणीतरी फिसकन हसलं. मामांचं तोंड उतरलं. मला जराही वाईट वाटलं नाही. खरं सांगायला कुणाची चोरी?

स्पिरिट आणि जुन्या टूथब्रशने बोर्ड घासला, पंख्याखाली वाळवला. पुढे कुठे शॉर्ट नाही ना ते पाहिलं. मग तुटलेल्या रेघेवरून बारीक तार टाकून दोन्ही टोकांना सोल्डरचे डाग दिले. बटण दाबलं आणि आकडे उजळले. बाहेर "आलं, आलं!" असा गलका झाला. मला तर नाचावंसं वाटत होतं.

मामा म्हणाले, "बरं झालं. पन बाईमानसाच्या हातचं किती टिकतंय कुनाला ठावं. उद्या नगरचा मिस्त्री आनून पक्कं करून घ्यू."

एवढं करून ये रे माझ्या मागल्या! माझं डोकंच फिरलं. मी मशीन बंद केलं, सोल्डरगन टेकवली आणि तारेचं एक टोक सोडवलं. परत बटण दाबून दाखवलं. सगळं काळं.

"ह्ये काय केलंस?"

"हुतं तसं करून दिलं. उद्या मिस्त्री आला की जोडंल."

रांग खवळली. "चेअरमन, दूध नासतंय आमचं!" एक म्हातारी किटली आपटत आत आली. "तिनं केलं न्हवं का चालू? मग आता मिस्त्री कशाला?"

मामांनी मशीनचं बटण स्वतः एकदा दाबून पाहिलं.

"जोड," ते म्हणाले.

"कुनी?"

"तू. तूच जोड. मिस्त्री नगं."

"हितं उजेड कमी हाय."

त्यांनी खिशातून मोबाईल काढला, बॅटरी लावली आणि माझ्या खुर्चीशेजारी वाकून उभे राहिले.

"जरा खाली धरा, मामा," मी म्हणाले. "आन् हात हलू दिऊ नका."